अळणी

१

गोपिका गेली त्या आठवड्यात मी सगळ्यांवर चिडलेलो होतो.

खरं तर मीही जाणार होतो. आमच्या सक्करदरा वस्तीतल्या बायकांना जमवून अस्मिताताईंनी समूहगायनाचा वर्ग सुरू केला, तेव्हापासून गोपिका त्यात गाते. अस्मिताताई शाळेतून निवृत्त झालेल्या, संगीताच्या शिक्षिका. यंदा त्यांच्या वर्गाला युरोपातल्या रिगा शहरातून समूहगायनाच्या महोत्सवाचं निमंत्रण आलं. नवऱ्यांपैकी ज्याला यायचं त्याने यावं असं ठरलं आणि पहिला हात मी वर केला.

गाण्यातलं मला कळत नाही. मला खाण्यातलं कळतं. पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत माझी नोकरी, आणि तिथे जिभेला काही काम नसलं तरी घरी नळाचा घोट घेतला की आज क्लोरीन जास्त पडलंय हे मला लगेच समजतं. रिगाला जायचं ठरल्यापासून मी तिथल्या जेवणाच्या चित्रफिती बघत होतो. राईच्या पिठाचा काळा पाव, शहाजिऱ्याचं चीज, बीटचं थंडगार गुलाबी सूप. वायुनौकांच्या जुन्या प्रचंड शेडमध्ये भरणारा तिथला बाजार मला नकाशाशिवाय फिरता आला असता. गोपिकाला यातलं काही नको होतं. तिच्या दृष्टीने जेवण म्हणजे गाण्याआधी उरकून टाकायची गोष्ट.

निघायच्या आठवड्यात साहेबांनी माझी रजा रद्द केली. कुठलीशी समिती पाहणीला येणार होती. ती शेवटपर्यंत आली नाही.

"तोंड पाडू नका जी," विमानतळावर गोपिका म्हणाली. "मी सगळं सांगीन ना तुम्हाले. फोटो पाठवीन."

"फोटो खाता येत नाही," मी म्हणालो.

ती हसली आणि आत गेली. ते हसू मला तेव्हा आवडलं नाही.

रविवारी मी नेहमीसारखा उशिरा उठलो आणि चौकात बळीरामच्या ठेल्यावर तर्री-पोहे खायला गेलो. बळीरामने पोह्यांवर हरभऱ्याची लालभडक तर्री ओतली, कांदा घातला, लिंबू पिळलं. पहिला घास घेतला. काहीच लागलं नाही. कापूस चावावा तसं. दुसऱ्या घासाला चव आली, पण ती पोह्यांची नव्हती. आंबूस, जड, कडेला किंचित करपलेली अशी काहीतरी पावाची चव, आणि दाताखाली दाणा यावा तसं शहाजिरं.

"बळीराम, तर्रीत काय टाकलं गा आज?"

"काय टाकीन? रोजचीच तर्री हाये. काहून?"

"पावासारखी लागून राहिली."

"पाव देऊ का सोबत?" त्याने सरळ मनाने विचारलं.

मी प्लेट तशीच ठेवून घरी आलो.

२

केशव माझा शाळेपासूनचा मित्र, कान-नाक-घशाचा डॉक्टर. त्याने माझ्या जिभेवर मीठ ठेवलं, साखर ठेवली, लिंबाचा थेंब टाकला. तिन्ही वेळा मी म्हणालो, काही नाही.

"सर्दीनंतर होते असं," तो म्हणाला. "वास गेला की चव गेली. महिन्याभरात येईल."

"सर्दी झालीच नाही मले."

"मग होऊन गेली असेल, तुले समजली नसेल."

हे असं उत्तर ऐकलं की माझं डोकं फिरतं. मी त्याला पाव आणि शहाजिऱ्याचं सांगितलं. त्याने मान डोलावली आणि चिठ्ठीवर गोळ्या लिहिल्या.

संध्याकाळी गोपिकाचा व्हिडिओ कॉल आला. चित्र सारखं अडकत होतं. अर्धा वेळ मी तिचं अर्धवट मिटलेल्या डोळ्यांचं गोठलेलं तोंड बघत होतो. नदी मोठी आहे म्हणाली. चर्चमध्ये ऑर्गन ऐकला, अंगावर काटा आला म्हणाली.

"खाल्लं काय?"

"काहीतरी पाव होता काळा. बरा होता."

"बरा म्हणजे? आंबट होता? शहाजिरं होतं त्यात?"

"हो जी, होतं. तुम्हाले कसं माहीत?"

चित्रफितीत पाहिलं असेल, असं मीच मला सांगितलं. पण दुसऱ्या दिवशी दुपारी प्रयोगशाळेत रिकाम्या तोंडाने बसलो असताना थंड, आंबट, गोडसर असं काहीतरी जिभेवरून घशात उतरलं, आणि मागाहून शेपू. शेपू ओळखायला मला कुणी लागत नाही. मी तिथूनच फोन लावला.

"आत्ता सूप खाऊन राहिली का तू? गुलाबी?"

पलीकडे भांड्यांचा आवाज, बायकांचं हसणं. "अवो," ती हळू आवाजात म्हणाली, "चमचा अजून तोंडात आहे माझ्या."

तिसऱ्या दिवशी आम्ही रीतसर परीक्षा घेतली. माझा विश्वास आधी माझ्यावर नाही, पद्धतीवर आहे. तिने फोन उपडा ठेवायचा, काहीतरी खायचं, आणि मी सांगायचं. बटाट्याचं धिरडं आणि आंबट साय. बरोबर. धुरकटलेलं चीज. बरोबर. बर्च झाडाचा रस, नीरेत पाणी ओतल्यासारखा. बरोबर. गुंजन, आमची मुलगी, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. ती माझ्या खुर्चीमागे उभी राहून सगळं ऐकत होती. "तुम्ही दोघं मिळून मला बनवून राहिले," एवढंच म्हणाली आणि अभ्यासाला गेली.

मी खूश व्हायला हवं होतं. फुकटात शहर चाखायला मिळत होतं. पण ते गोपिकाच्या तोंडातून मिळत होतं, आणि गोपिका समोर बाजार भरलेला असताना उकडलेला बटाटा निवडणारी बाई.

"आज तो पावाच्या चुऱ्याचा गोड थर असतो ना, साय आणि लाल बोरं घातलेला, तो घे."

"पोट भरलं जी."

"माझं नाही भरलं."

"तुमचं तुम्ही घरी जेवा ना."

घरी जेवणं म्हणजे कापूस चावणं होतं. रुखमाबाई येऊन स्वयंपाक करून जायची, मी तो गिळायचो. तिकडे गोपिका सगळं अर्धवट टाकून तालमीला पळायची. चांगली चव लागायला लागली की घास संपायचा. मी दिवसभर जिभेवर तिची वाट बघत बसायचो आणि चिडत राहायचो.

३

एका दुपारी त्यांना मोकळा वेळ होता. बाकीच्या बायका खरेदीला गेल्या होत्या. गोपिका एकटीच एका रस्त्याने फिरत होती आणि मला फोनवर इमारती दाखवत होती. इकडे संध्याकाळ झाली होती. पावसाने दडी मारलेली, गच्चीवर बसूनही अंगाला शर्ट चिकटत होता.

त्या रस्त्यावरच्या इमारतींच्या भिंतींवर दगडी तोंडं होती. बायकांची, पुरुषांची, खिडक्यांच्या वर, दारांच्या वर. बहुतेकांची तोंडं उघडी.

"गाऊन राहिल्यासारखे दिसतात ना?" ती म्हणाली. तिच्या तोंडात शहाजिऱ्याची गोळी होती. माझ्याही जिभेवर ती विरघळत होती.

"पुढे कोपऱ्यावर एक दुकान असायला पाहिजे. तिथे तो गोड थर मिळतो."

"थांबा जरा."

ती थांबली. मलाही ऐकू आलं. वरच्या मजल्यावरून कुणीतरी गात होतं, बाईचा आवाज, एकटीचा. ते गाणं त्यांच्या वर्गाचं होतं. अस्मिताताईंनी स्वतः बांधलेलं, या महोत्सवासाठीच. ते दुसऱ्या कुणाला येण्याचं काही कारण नव्हतं.

"तुमच्यातलीच कोणी असेल," मी म्हणालो.

"सगळ्या बाजारात आहेत." तिने कान दिला. "अवो, ही तर माझी ओळ आहे. खालच्या सुराची. वर्गात ही मी एकटीच गाते."

"गोपिका, दुकान बंद होईल."

"पाच मिनिटं जी. बघून येते."

दार उघडंच होतं. फोन तिच्या हातात तिरका झाला आणि मला जिना दिसला. गोल फिरत वर जाणारा, लोखंडी कठड्याचा, स्वच्छ. त्यात भीती वाटण्यासारखं काही नव्हतं. तिच्या चपलांचा आवाज येत होता आणि प्रत्येक वळणाला गाणं जवळ येत होतं. मग जिना संपला. तिचा चेहरा एका बाजूने उजळला, खिडकीसमोर आल्यासारखा. ती समोर काहीतरी बघत होती. तिचे ओठ उघडले. गाणं थांबलं.

"अवो, हे तर," ती म्हणाली, आणि फोन बंद पडला.

मी पुन्हा पुन्हा लावला. लागेना. चिडून मी फोन बाजूला ठेवला. तिथे नेटवर्कने आठवडाभर असाच छळ मांडला होता. गोळी माझ्या जिभेवर होती. शहाजिरं, साखर, थोडा पुदिना. अर्ध्याहून जास्त शिल्लक असेल. ती विरघळायची मी वाट बघत होतो, आणि ती विरघळली नाही. गिळली गेली नाही, थुंकली गेली नाही. दिवा घालवावा तशी ती नाहीशी झाली.

४

जेवायच्या वेळी तिचा फोन आला. चित्र पहिल्यांदाच स्वच्छ होतं, एकदाही अडकलं नाही.

"कोण होतं वर?"

"कुणी नव्हतं. एका मुलीने रेडिओ लावला होता." ती हॉटेलच्या जेवणघरात बसलेली होती, मागे अस्मिताताईंच्या गटातल्या बायका दिसत होत्या. "तुम्ही सांगितलेला तो गोड पदार्थ मी आत्ता खात आहे. मला फार आवडला. खाली पावाचा भाजलेला चुरा आहे, तो अजून कुरकुरीत आहे, त्यावर साय, आणि बोरांचा आंबटपणा अगदी शेवटी येतो."

इतक्या वर्षांत गोपिकाने कुठल्याही पदार्थाबद्दल 'बरा आहे' यापलीकडे शब्द खर्च केला नव्हता. आणि ती 'मला' म्हणाली होती. आमच्या घरात बोलताना कुणी 'मला' म्हणत नाही, 'मले' म्हणतात. म्हणते फक्त गुंजन, तिच्या कॉलेजच्या मित्रमैत्रिणींमुळे.

हे सगळं मागून सुचलं. त्या क्षणी मला फक्त जिभेचं कळत होतं. ती चमचा तोंडात घालत होती, डोळे मिटत होती, आणि माझ्या तोंडात पेज येत होती. कसल्यातरी पिठाची, कोमट, पातळ. तिच्यात मीठ नव्हतं. आजाऱ्यालाही आपण चिमूटभर मीठ घालून देतो. ही पार अळणी होती.

"गोपिका, तू पेज खाल्ली का आज?"

"नाही जी. काहून?" ती म्हणाली. हे 'काहून' बरोबर होतं. नेहमीसारखं.

पेज नंतरही येत राहिली, गोपिकाच्या जेवणाच्या वेळांशी काही संबंध नसताना. कधी सकाळी दाढी करताना, कधी प्रयोगशाळेत. फोनवर ती मला मशरूम, मध, ताज्या स्ट्रॉबेरी असं सगळं रसभरीत सांगायची आणि मी मध्येच तोंड पुसायचो. मी अस्मिताताईंना फोन केला.

"ताई, गोपिकाची तब्येत बरी आहे ना?"

"बरी? सुमंतराव, ती काल काय गायली. तिचा तो खालचा सूर मी इतकी वर्षं घासून घेत होते. काल सगळं सभागृह वळून बघायला लागलं. इथलं पाणी मानवलं तिला."

"त्या दुपारी ती एकटी एका इमारतीत गेली होती. ती इमारत कोणती?"

"आम्ही बाजारातून आलो तेव्हा ती हॉटेलच्या दारात उभीच होती आमची वाट बघत. झालं काय आहे?"

मी फोन ठेवला. मी महोत्सवाच्या कार्यालयाला लिहिलं. सर्व पाहुणे सुखरूप आहेत, आपल्या आस्थेबद्दल आभार, असं उत्तर आलं. केशवला सांगितलं, तर तो म्हणाला, आधी पाव लागत होता, आता पेज लागते, म्हणजे चव बदलते आहे, म्हणजे सुधारणा आहे. गुंजनला सांगितलं. तिने लॅपटॉप मिटला.

"बाबा, आईसोबत जायला मिळालं नाही म्हणून तुम्ही पहिल्या दिवसापासून चिडून आहात. ती तिथे मजेत आहे हे तुम्हाले सहन नाही होऊन राहिलं. एवढंच आहे हे."

रागाच्या भरात तीही 'तुम्हाले' म्हणून गेली. आणि मला तिचं म्हणणं पटलंही असतं. तिच्या म्हणण्यात काही चूक नव्हती. पण तिच्याशी बोलत असतानाच ती कोमट पेज आली, माझ्या घशाशी अडली, आणि कुणीतरी ती बळेच ढकलल्यासारखी खाली गेली.

५

विमानतळावर गोपिकाने मला लांबूनच ओळखलं आणि हात हलवला. तिच्या उजव्या भुवईत लहानपणी पडल्याची खूण तशीच होती. तिने गुंजनला जवळ घेतलं, गाडीत बसल्यावर पाय वर घेतले, घरी आल्यावर न विचारता दिव्याचं बटण दाबलं, जे दाराच्या उलट्या बाजूला आहे आणि नव्या माणसाला कधी सापडत नाही. मी हे सगळं बघत होतो आणि मला माझीच लाज वाटत होती.

रुखमाबाईने भरली वांगी आणि भाकर करून ठेवली होती. गोपिका जेवायला बसली.

"काय बघून राहिले जी?"

"काही नाही. तू जेव."

तिने भाकरीचा तुकडा मोडला, वांग्याचा रस्सा घेतला, खाल्ला. चांगलं चावून खाल्लं. माझ्या जिभेवर काही आलं नाही. दुसरा घास. काही नाही. मी टेबलाला घट्ट धरून बसलो होतो. दूरवरून यावा तसा वास मात्र मला येत होता, वांग्यांचा, शेंगदाण्याच्या कुटाचा, आणि तिचं तोंड हलत होतं, आणि माझं तोंड रिकामं होतं.

"आपण ते करू," मी म्हणालो. "तिकडे करत होतो ते. मी पाठ फिरवून बसतो. तू काहीतरी खा, मी सांगतो."

गुंजनने कपाळाला हात लावला. गोपिका हसली. "करू ना."

मी भिंतीकडे तोंड करून बसलो. मागे बरणीचं झाकण उघडलं. चमचा वाजला.

"सांगा."

काही नाही.

"आता सांगा."

आणि आली. कोमट, पातळ, अळणी. पण मागे वळून पाहिलं तर गोपिकाच्या हातात गुळाचा खडा होता.

"पेज," मी म्हणालो.

"गेलं तुमचं ते," ती प्रेमाने म्हणाली. "बरं झालं. मले भीतीच वाटायची त्याची."

रात्री तिने माझ्या उशाला पाण्याचा तांब्या ठेवला, नेहमी ठेवते तसा. तिच्यात कुठेही काही उणं नव्हतं. मी कारणं शोधत होतो. नसेचा आजार असेल, मेंदूचा असेल, तिकडे असताना काही जुळलं होतं ते इकडे येताना सुटलं असेल. सुटलं असेल हे मी मान्य केलं असतं. पण सुटलं नव्हतं. ते चालूच होतं. मी ज्या तोंडाशी बांधलेला होतो ते तोंड अजून कुठेतरी जेवत होतं, आणि ते माझ्या घरात नव्हतं.

६

बरेच दिवस मी फक्त येणाऱ्या चवीचा विचार करत राहिलो. जाणाऱ्या चवीचा विचार मला प्रयोगशाळेच्या कँटीनमध्ये सुचला. समोर आलूबोंडा होता, नेहमीसारखा कापसाचा. मी जे खातो त्याची चव मला येत नाही. मग ती जाते कुठे?

मी आलूबोंडा ठेवला आणि सोबतची तळलेली मिरची उचलून अख्खी चावली. जिभेला काही कळलं नाही. डोळ्यांत मात्र पाणी आलं, नाक वाहायला लागलं. मी वाट बघत बसलो.

थोड्या वेळाने पेज आली. पहिला घोट अळणी. दुसरा येता येता थांबला. आणि मग तोंडात मीठ आलं. पेजेत घातलेलं नव्हे. वरून, ओठांच्या कडेने आत येणारं, पातळ, गरम. ते काय आहे हे समजायला मला प्रयोगशाळा लागली नाही. ती रडत होती.

मी कँटीनमध्ये तोंडावर रुमाल धरून बसलो. कुणीतरी विचारलं, सुमंतभाऊ, मिरची लागली का. मी हो म्हणालो.

त्या दिवसापासून मी जेवायला लागलो. आधी गिळत होतो, आता जेवत होतो. सकाळी बळीरामकडे तर्री-पोहे, दुपारी पाटवडीचा रस्सा, चार वाजता संत्र्याची बर्फी. गोपिका माळकरी घरातली, मांस-मच्छी तिने कधी तोंडात घातली नाही. म्हणून मी सावजी खानावळीतलं मटण सोडून दिलं. मला उपास करता येईना, आजारी पडता येईना. मधूनच तिकडून ते मीठ यायचं, आणि कधी कधी, बर्फीनंतर, तोंडाला नुसतं छान पाणी सुटायचं.

सुट्टीच्या दिवशी घरी मी भिवापुरी मिरचीचा ठेचा घेऊन बसलो होतो. गोपिका ओट्याशी कणीक मळत होती, पाठमोरी. मी ठेच्याचा मोठा घास घेतला.

तिकडे तोंड उघडलं गेलं. आपण उघडतो तसं नव्हे, जबडा धरून. माझ्या तोंडात हवा शिरली, थंड, चुन्याच्या भिंतीसारख्या वासाची. मग एक बोट आत आलं. त्याला माणसाच्या बोटाची चव नव्हती, खारट नव्हती, घामाची नव्हती. दगड चाटल्यासारखं होतं. ते जिभेवरून सावकाश मागपर्यंत फिरलं, गालाच्या आतून फिरलं, कुणी भांडं नीट घासलं आहे का बघावं तसं. आणि निघून गेलं.

ओट्याशी कणकेचा आवाज थांबलेला होता.

"ठेचा लय तिखट आहे का जी?" गोपिकाने मागे न वळता विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

"मग डोळे काहून पुसून राहिले?"

ती पाठमोरी होती.

दुसऱ्या दिवशी घरातली मिरचीची बरणी नव्हती. केशवभाऊजींनी तिखट बंद सांगितलं आहे, असं ती म्हणाली. मी तिच्यासमोर केशवला फोन लावला.

"हो, मीच सांगितलं," केशव म्हणाला. "तिचा फोन आला होता. काळजीत आहे बिचारी. तू पण ऐक गा तिचं जरा."

७

मी रिगाला जाण्यासाठी व्हिसाचा अर्ज केला आहे. जाण्याचं कारण या रकान्यात पर्यटन असं लिहिलं. गुंजनला ते कळलं तेव्हा ती भांडली नाही, एवढंच म्हणाली, "बाबा, तिथे काय शोधणार? आई तर इथे आहे." अर्जाचं उत्तर अजून आलेलं नाही. विचारायला गेलं की प्रलंबित आहे, असं सांगतात.

या मधल्या काळात पेज कमी झाली. आधी दिवसातून कितीदा यायची, मग एकदा, मग एक दिवस सोडून. आता येते तीही पाण्यासारखी. मी जास्त खातो. पँट घट्ट झाली, साखर वाढली, केशव ओरडतो. पण माझ्या खाण्याने चव जाते, पोट भरत नाही, हेही मला कळून चुकलं आहे. तिकडे तिला नुसत्या वासावर ठेवल्यासारखं आहे ते. आणि ते थांबवण्याची माझी हिंमत नाही.

मागच्या रविवारी मी बळीरामकडे जायला निघालो तर गोपिकाने थांबवलं.

"आज कुठे जाऊ नका. मी केलं आहे."

घरभर वास होता. तिने ताट वाढून ठेवलं होतं. भात, बाजूला पोळ्या, आणि वाटीत काळ्या मसाल्याचा, वर तेलाचा तवंग आलेला रस्सा. मटणाचा. आमच्या घरात मी मटण बाहेरून आणायचो आणि वेगळ्या भांड्यात खायचो. ती त्या भांड्याला हातही लावत नसे.

"तू केलं?"

"हो जी. तुम्हाले आवडते ना. काहून सोडलं उगाच?"

"नको मले."

ती माझ्यासमोरची खुर्ची ओढून बसली. तिने वाटीतला एक तुकडा चमच्याने माझ्या ताटात ठेवला, त्यावर रस्सा घातला, आणि पदराने हात पुसले. ती रागावलेली नव्हती. तिच्या तोंडावर खरोखरची माया होती, दुखणाईताला भरवताना असते तशी.

"खा," ती हळूच म्हणाली. "तिले चालते आता."

बाहेरच्या खोलीतून गुंजनचा आवाज आला. "कोणाला चालते वं आई?"

"तुझ्या बाबाले," गोपिका म्हणाली. "तू ये जेवाले."

मी ताटाकडे बघत होतो. माझी जीभ कोरडी पडत चालली होती. त्या कोरडेपणात थंड हवा होती, चुन्याचा वास होता. तिकडे तोंड उघडं होतं. या वेळी कुणी जबडा धरलेला नव्हता. ते आपणहून उघडलेलं होतं आणि वाट बघत होतं.

मी घास उचलला.